शिकारी कुत्र्याचा 'संकर' इतिहासात कसा शोधायचा? नगर जिल्ह्यातून काही धडे

मागच्या हिवाळ्यात कर्जत तालुक्यात एका शेतात मेंढरं बसवली होती, तिथे मी वही घेऊन बसलो होतो. वाघरीच्या कडेला एक उंच, बारीक कमरेचं, लांब तोंडाचं कुत्रं पडलं होतं. मी सवयीने विचारलं, "मामा, हे कोणत्या जातीचं?"

मामा हसले. "जातीचं काय घिऊन बसलाय पाव्हणं? राती उठतंय का न्हाई ते बघायचं."

मग त्यांनी सांगितलं की याची आई 'कारवानी वळणाची' होती आणि बाप गावातलाच. एकाच वेताचे दोन भाऊ. दुसरा याच्यापेक्षा पळायला चपळ होता, पण त्यांनी तो देऊन टाकला. का? "सशामागं जायाचा. मेंढरं तशीच."

एवढंच बोलणं झालं. पण या चार वाक्यांनी माझ्या संशोधन प्रस्तावाचं पहिलं पान बाद केलं. म्हणून आजची पोस्ट. तुम्ही प्रवेश परीक्षेची किंवा प्रस्तावाची तयारी करत असाल, तर माझी चूक तुमच्या कामी यावी.

माझी चूक

माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं. पीएच.डी.चा विषय दख्खनमधल्या पाळीव प्राण्यांच्या पैदाशीचा इतिहास. पहिल्या प्रस्तावात मी लिहिलं होतं: 'शुद्ध स्थानिक शिकारी जातींचा विदेशी कुत्र्यांशी झालेला संकर आणि त्याचे परिणाम'. मार्गदर्शकांनी 'शुद्ध' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि समोर लिहिलं, 'कधीपासून?'

मला वाटलं, सोपं आहे, तारीख शोधून टाकू. शोधायला लागलो तर कळलं की प्रश्नच उलटा मांडलेला आहे. आधी शुद्ध जात होती आणि मग संकर झाला, असा हा इतिहास नाही. आधी संकर होता, निवड होती. 'शुद्ध जात' ही त्यातून फार उशिरा, कागदावर जन्मली. हे कसं, ते आता पुराव्यांसकट बघू.

दायमाबाद: कुत्रा आहे, पण जात नाही

आपल्या जिल्ह्यातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध कुत्रा ब्राँझचा आहे. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, एका भिल्ल शेतकऱ्याला चार ओतीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब. त्यात माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा.

हे बघून कुणाच्याही मनात पटकन येतं, 'बघा, चार हजार वर्षांपूर्वीचा शिकारी कुत्रा!' थांबा. या वस्तूंच्या काळाबद्दलच वाद आहे. म. के. ढवळीकरांनी त्या उत्तर-हडप्पा काळात ठेवल्या. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली. आणि कुत्रा रथावर आहे म्हणजे तो शिकारीचाच, हे कुणी सांगितलं? या मूर्तीवरून ठामपणे एवढंच म्हणता येतं की ज्याने ती घडवली, त्याला गाडी, बैल, माणूस आणि कुत्रा हे एकत्रच दिसत होते. कुत्रा कामाच्या जगाचा भाग होता. जात, वंश, शुद्धता यातलं काहीही त्यात ओतलेलं नाही.

धडा पहिला: पुरावा जेवढं बोलतो तेवढंच लिहायचं. त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत.

तांडा आणि साइक्सची यादी

आता मोठी उडी मारून १९व्या शतकात येऊ, कारण लेखी नोंदी तिथे दाट होतात. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. त्याच्या फौजेला धान्य पुरवणारे होते बैलांचे तांडे घेऊन फिरणारे वंजारी-लमाण, इंग्रजांच्या भाषेत 'ब्रिंजारी'. हजारो बैल, पोती, बायकापोरं, सगळं उघड्या माळावर मुक्कामाला. रात्री चोर आणि लांडगे. साहजिकच तांड्याबरोबर कुत्री असत.

या कुत्र्यांची एक महत्त्वाची नोंद केली विल्यम हेन्री साइक्स यांनी. ते मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती त्यांनी गोळा केली. १८३१ मध्ये त्यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. आपल्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपेस' हे नाव त्याच यादीतलं. रानकुत्र्याला त्यांनी दख्खनच्या नावावरून 'दुखुनेन्सिस' म्हटलं, आणि शेजारी मराठी 'कोळसून' हे नावही नोंदवलं.

पाळीव कुत्र्यांबद्दल साइक्स थोडकंच लिहितात. गावात मोकाट फिरणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली 'पारिया' कुत्री हा एक प्रकार. दुसरं 'ब्रिंजारी कुत्रं': सोसायटीकडे असलेल्या पर्शियन ग्रेहाउंडसारखं, पण त्याच्यापेक्षा बरंच ताकदवान.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा उड्या मारल्या. 'पर्शियन ग्रेहाउंडसारखं पण ताकदवान' म्हणजे इराणी कुत्रं अधिक गावठी कुत्रं, संकर सिद्ध! चौलसारख्या बंदरातून निजामशाहीत घोडे येत, मग घोड्यांबरोबर ताजी कुत्रीही आली असणार, पुढे तांड्यात मिसळली असणार. गोष्ट छान जुळत होती. जरा जास्तच छान.

नंतर शांतपणे वाचलं. 'ताकदवान' या शब्दाची किमान तीन स्पष्टीकरणं होऊ शकतात. एक, खरोखर संकर. दुसरं, संकर न होताही पिढ्यानपिढ्या राखणीसाठी केलेली निवड. आणि तिसरं अगदी साधं: तुलना ज्याच्याशी केली, ते सोसायटीच्या ताब्यातलं कुत्रं. ते पर्शियन ग्रेहाउंडांचा योग्य नमुना होतं कशावरून? प्रयोगशाळेत आपण एका नमुन्यावर निष्कर्ष काढला तर कान धरतात. इतिहासाच्या कागदाला मात्र आपण सूट देतो.

धडा दुसरा: जुन्या नोंदीत तुलना दिसली की आधी विचारा, कशाशी?

डार्विनचा ससा आणि मामांचा ससा

आता पुन्हा कर्जतच्या त्या दुसऱ्या भावाकडे, ससे पाठीला लावून घेणाऱ्या.

डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' (१८५९) मध्ये सहजप्रवृत्तीवरचं प्रकरण आहे. स्वभावही शरीरासारखाच वारशाने येतो, हे दाखवायला त्याने कुत्र्यांच्या संकराची दोन उदाहरणं घेतली आहेत. बुलडॉगचा संकर झाला की ग्रेहाउंडांच्या धाडसावर आणि हट्टावर अनेक पिढ्या परिणाम दिसतो. आणि ग्रेहाउंडचा संकर झाल्याने मेंढपाळाच्या कुत्र्यांच्या एका अख्ख्या कुळात सशामागे धावण्याची ओढ आली.

डार्विनसाठी हा वारशाचा पुरावा. मामांसाठी तोच गुण म्हणजे खोड! गोष्ट एकच, ससा एकच, पण कुत्र्याचं काम बदललं की 'सुधारणा' आणि 'बिघाड' यांची अदलाबदल होते. इथे मला माझ्या विषयाची किल्ली सापडली. 'शिकारीची क्षमता' हा एक गुण नाहीच. त्याचे तुकडे करून बघा:

- लांबून हालचाल टिपणारी नजर
- सुरुवातीची झेप आणि वेग
- दम, म्हणजे उन्हात किती वेळ पळेल
- पकड आणि समोरच्या जनावराला न घाबरणं
- हाक मारल्यावर माघारी येणं

मोकळ्या माळावर काळवीट किंवा ससा धरायला पहिले तीन हवेत. लांडगा हुसकायला चौथा. धनगराला चौथा आणि पाचवा हवेतच, पण पहिले दोन जास्त झाले तर त्याचं नुकसान. म्हणजे संकर करणारा माणूस 'जास्त शिकारी' कुत्रं मागत नव्हता. तो एक विशिष्ट मिश्रण मागत होता, आणि ते मिश्रण पोटापाण्यावर ठरत होतं.

सहा-सात पिढ्यांचं गणित

संकराच्या गोष्टींमध्ये इंग्लंडच्या लॉर्ड ऑर्फर्डची गोष्ट नेहमी येते. १८व्या शतकात त्याने ग्रेहाउंडांत धाडस कमी पडतं म्हणून बुलडॉगचा संकर केला, आणि पुढे दर पिढीत पुन्हा ग्रेहाउंड वापरला. सहाव्या-सातव्या पिढीत बुलडॉगचं रूप पार गेलं, धाडस मात्र राहिलं, असं सांगतात.

हे गणित तुम्ही स्वतः करून बघा. पहिल्या पिढीत बुलडॉगचा वाटा १/२, दुसरीत १/४, सातवीत १/१२८. म्हणजे सरासरी एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या उरलेल्या वाट्यातही धाडस टिकलं असेल, तर त्याचा अर्थ दर पिढीला कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पिल्लं पारखत होतं. संकर एकदाच झाला, निवड मात्र सतत चालली. श्रेय मात्र नेहमी संकराला जातं, कारण तो सांगायला सोपा.

याची आधुनिक बाजूही बघण्यासारखी आहे. २००७ मध्ये व्हिपेट या शर्यतीच्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मायोस्टॅटिन हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. व्हिपेटमध्ये या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर कुत्रं जास्त वेगवान असण्याचा कल दिसतो. दोन्ही प्रती बिघडल्या तर मात्र फुगलेल्या स्नायूंचं, 'बुली' म्हणून ओळखलं जाणारं पिल्लू जन्मतं. आता समजा, एक-एक बिघडलेली प्रत असलेले दोन चपळ नर-मादी तुम्ही जुळवले. मेंडेलच्या हिशेबाने सरासरी चारांत दोन पिल्लं चपळ, एक साधं आणि एक बुली. 'उत्तम गुणिले उत्तम बरोबर उत्तम' हे समीकरण इथेच मोडतं.

स्वभावाचं तर आणखी अवघड. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून घेतलेल्या माहितीचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून जेमतेम ९ टक्के समजतो, असं त्यात दिसलं. ती मुख्यतः अमेरिकेतली घरगुती कुत्री होती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या माळावर आणू नका. पण 'जातीचं काय घिऊन बसलाय' हे वाक्य मला त्या दिवशी वेगळंच ऐकू आलं.

'बाप रे' टोळी

नगरला छावणी पडली, तशी गोऱ्या अधिकाऱ्यांची शिकारही सुरू झाली. वसाहतीच्या काळातल्या छावण्यांमध्ये तरुण अधिकारी मिळतील ती कुत्री जमवून कोल्ह्यामागे घोडे घालत. थोडी विलायती, थोडी मिश्र, थोडी सरळ गावठी. अशा टोळीला ते 'बॉबरी पॅक' म्हणत. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशानुसार या 'बॉबरी'चं मूळ आपलं 'बाप रे'! म्हणजे गोंधळ, आरडाओरडा.

शब्द गमतीचा आहे, पण संशोधकाने तो जपून ठेवावा. राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या कुत्र्यांतही सरमिसळ होती आणि ती त्यांनी हसत मान्य केली. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांचं नाव तर अफगाणी ताजी आणि इंग्लिश ग्रेहाउंडच्या संकरासाठी आजही अभिमानाने घेतलं जातं. नवाबाने केला तर 'प्रयोग', अधिकाऱ्याने केला तर 'मौज', आणि तांड्याने केला तर? तिथे करणाऱ्याचं नावच नाही, फक्त 'ब्रिंजारी कुत्रं'.

शुद्ध जात कधी जन्मली?

इंग्लंडमध्ये कुत्र्यांचं पहिलं औपचारिक प्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरलं. योगायोगाने डार्विनच्या पुस्तकाचंही तेच वर्ष. केनेल क्लब १८७३चा. मग वंशावळीच्या वह्या आल्या, रूपाची मानकं आली. कुत्रं काय करतं यापेक्षा ते कसं दिसतं आणि त्याच्या आईबापांचं नाव वहीत आहे का, यावर जात ठरू लागली. 'शुद्ध' हा शब्द या वहीबरोबर आला. मार्गदर्शकांच्या 'कधीपासून?'चं उत्तर हे.

आपल्याकडे मुधोळच्या घोरपड्यांचं नाव या कुत्र्यांशी कायमचं जोडलं गेलं. मालोजीराव घोरपड्यांनी राजे पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. आज केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला 'कारवान हाउंड' म्हणतो, तर इतरत्र 'मुधोळ हाउंड' हे नाव चालतं. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापलयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर त्याचीही जात म्हणून नोंद केली.

घोरपड्यांचं श्रेय मी नाकारत नाही. राजाश्रय नसता तर हे कुत्रं कदाचित टिकलंही नसतं. पण दोन नावं शेजारी ठेवून बघा. 'कारवान' या नावात निदान फिरणाऱ्या काफिल्याची आठवण आहे. 'मुधोळ'मध्ये फक्त दरबार उरतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या कोणतं पिल्लू ठेवायचं आणि कोणतं देऊन टाकायचं हे ठरवलं, ते दोन्हीकडे बिननावाचे. त्यातल्या पारध्यांसारख्या भटक्या समाजांवर तर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या रूपांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सरकारी कागदात ज्यांची नोंद संशयित म्हणून होते, त्यांची नोंद पैदासकार म्हणून कोण करणार?

राहुरीचं रजिस्टर

याच जिल्ह्यात संकराचं दुसरं टोकही आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गाय तुम्ही ऐकली असेल. तिच्यात होल्स्टीन फ्रिजियन ५० टक्के, जर्सी २५ टक्के, गीर २५ टक्के. आई कोण, वळू कोण, दूध किती, सगळं रजिस्टरमध्ये. तिथे 'संकरित' हा शब्द अभिमानाचा. कुत्र्याच्या बाबतीत तोच शब्द आपण नाक मुरडून म्हणतो, 'क्रॉस आहे हो'.

फरक शास्त्राचा नाही, वहीचा आहे. दुधाचा हिशेब लिटरमध्ये होतो, म्हणून वही आली. रात्री उठण्याचा हिशेब कोण लिहिणार? पण तो हिशेब होत होता. जे पिल्लू कामाचं नाही त्याला भाकरी नाही, इतका तो कडक होता.

आता परीक्षाच बदलली

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. कर्जत तालुक्यातच १९८० मध्ये रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं. हे व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुत्र्यांकडून ससे-काळवीट धरणं हा आज गुन्हा आहे, आणि कुणी 'परंपरा' म्हणून त्याचं कौतुक करत असेल तर त्यात मी नाही.

पण इतिहासकार म्हणून याचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. ज्या परीक्षेवर हे कुत्रं घडलं, ती परीक्षाच संपली. आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्यात, वेगळंच घडतंय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून आहार तपासला. खाल्लेल्या जैवभाराचा सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव-गावठी कुत्र्यांचा निघाला. पूर्वीचा शिकारी आता भक्ष्य आहे. आता निवड होतच असेल, तर ती बिबट्याच्या बाजूनेही होत असेल. हा प्रश्न मी तुमच्यापैकी कुणासाठी तरी मोकळा सोडतो.

तुमच्या प्रस्तावासाठी

माझ्या नव्या प्रस्तावात 'शुद्ध' हा शब्द नाही. प्रश्न असा आहे: 'दख्खनमधल्या फिरत्या समाजांनी कामाच्या कुत्र्यांची निवड कोणत्या कसोट्यांवर केली, आणि या कसोट्या लेखी नोंदींतून का गळल्या?' हा प्रश्न तपासता येतो. मेंढवाड्यावर बसून पिल्लं ठेवण्या-देण्याची कारणं विचारता येतात, जुन्या नोंदी शेजारी ठेवता येतात, आणि कधीतरी जनुकीय नमुन्यांशी ताडूनही बघता येतं.

तुम्हीही तुमच्या शीर्षकातलं सगळ्यात गुळगुळीत विशेषण शोधा. 'शुद्ध', 'मूळ', 'पारंपरिक', 'सुधारित', जे असेल ते. त्याच्यापुढे 'कधीपासून?' आणि 'कुणासाठी?' लिहा. उत्तर येत नसेल तर विशेषण काढून टाका. निम्मा प्रस्ताव तिथेच सुधारतो.

फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा मेंढरं पुढच्या गावाला गेली होती. शोधत पोचलो. या वेळी जात विचारली नाही. विचारलं, "मामा, रात्री उठतंय का?"

"लांडगा आलता परवा," ते म्हणाले. "मेंढरू एक बी न्हाई गेलं." मी वहीत तारीख टाकली आणि तेवढंच लिहिलं. माझ्या माहितीप्रमाणे त्या कुत्र्याची ही पहिली लेखी नोंद.